नळ की नळी?

नौकेवरील शौचकूपाच्या वाहिन्यांविषयी बंगळूरहून बोलावयाचे, हे ऐकून काही श्रोत्यांना हसू येईल. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले. येथील तलावांत नौका असल्याच तर त्या घटकाभर फिरून येण्यापुरत्या. तेव्हा या गावच्या माणसाने नौकेवरील सांडपाण्याची चिंता का वाहावी? परंतु नळ आणि त्यांतून वाहणारे पाणी यांचा विचार करण्यास बंगळूरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. १९७४ सालापासून या शहरास कावेरीचे पाणी मिळते. ते सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, टप्प्याटप्प्याने सुमारे ५०० मीटर वर चढवून आणावे लागते. हा मोठा प्रवास ते ताठ नळांतून करते. पण तेच पाणी घरात शिरून न्हाणीघरातील बेसिनपाशी आले, की शेवटच्या हातभर अंतरासाठी आपण त्याला एका वाकणाऱ्या नळीच्या स्वाधीन करतो. लांबच्या वाटेला नळ आणि शेवटच्या हातभर वाटेला नळी, ही वाटणी कोणी शिकविली नसताही सर्वत्र रूढ झाली आहे. तिच्यामागे जे शहाणपण आहे, त्याची खरी कसोटी नौकेवर लागते.

प्रथम शब्दांचा खुलासा करतो. मराठीत नळ म्हटला की तोटीचाही बोध होतो आणि तिच्यामागील वाहिनीचाही. आजच्या भाषणापुरते नळ म्हणजे न वाकणारा, ताठ पाईप; लोखंडाचा, पितळेचा किंवा अलीकडे बहुधा पीव्हीसीचा. नळी म्हणजे रबराची अथवा मऊ प्लॅस्टिकची, हवी तशी वळविता येणारी वाहिनी. नौकेवरील शौचकूपापासून मैल्याच्या टाकीपर्यंत यांपैकी कोणती न्यावी, असा हा प्रश्न आहे. नौका बांधणारे कारागीर आणि नौकांचे मालक या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद घालीत आले आहेत.

घरातील शौचकूप आणि नौकेवरील शौचकूप यांत तीन मूलभूत भेद आहेत. घरातील मैला गुरुत्वाकर्षणाने खाली जातो. उतार बरोबर दिला की काम झाले. नौकेवर हा उतार स्थिर नसतो. शिडाची नौका एका कुशीवर कलली की सकाळचा उतार संध्याकाळी चढ होतो. म्हणून बहुतेक लहान नौकांवर हाताच्या किंवा विजेच्या पंपाने मैला ढकलावा लागतो. दुसरा भेद असा, की घर हलत नाही, नौका सदैव हलते. लाटांनी तिचे अंग पिळवटते, इंजिनाच्या थरथरीने तिचा प्रत्येक खिळा आणि सांधा रात्रंदिवस कापत असतो. तिसरा भेद सर्वांत गंभीर आहे. शौचकूपाची कड पुष्कळदा बाहेरील पाण्याच्या पातळीखाली असते. घरात नळ निसटला तर फरशी भिजते. नौकेवर तो निसटला तर बाहेरचे पाणी आत येऊ लागते.

आता या पाण्याची वाट पाहू. नौकेच्या पोटाला एक भोक पाडून त्यावर व्हॉल्व्ह बसविलेला असतो. तेथून साधारण पाऊण इंच व्यासाच्या वाहिनीने समुद्राचे पाणी आत ओढले जाते व भांडे धुऊन मैल्यासह पंपात जाते. पंपापासून पुढे दीड इंच व्यासाची वाहिनी निघते. ती प्रथम पाण्याच्या पातळीच्या बरीच वर चढते, तेथे कमानीसारखी वळते आणि मग टाकीत किंवा दुसऱ्या व्हॉल्व्हमधून बाहेर उतरते. पंपाच्या तोंडाशी रबराची एक लहान झडप असते. गेलेला मैला परत येऊ नये, हे तिचे काम. आपला वाद मुख्यतः या दीड इंची वाहिनीबद्दल आहे.

नळीचा पक्ष प्रथम ऐकू. नौकेच्या अंतर्भागात सरळ भिंत अशी क्वचितच असते. फळ्यांच्या मागून, टाकीच्या कडेने, बिछान्याच्या खालून वाट काढावी लागते. तेथे नळी सापासारखी वळून जाते आणि वाटेत सांधा लागत नाही. जितके सांधे कमी, तितक्या गळण्याच्या जागा कमी. नौका पिळवटली तर नळी तिच्याबरोबर पिळवटते. आत मैला अडकला तर दोन्ही टोकांच्या क्लिपा सैल करून ती काढता येते. खार साचलेली नळी धक्क्यावर आणून दगडी कठड्यावर आपटण्याचा उपायही खलाशांना ठाऊक आहे. थोडे हात असलेल्या आणि हत्यारांची पेटी लहान असलेल्या नौकेवर ही सोय मोठी आहे.

मग नळीचा दोष कोणता? पहिला दोष नाकाला कळतो. नवी नळी कितीही चांगली वाटली तरी काही वर्षांत तिच्यातून दुर्गंध येऊ लागतो, आणि गंमत अशी की गळती कोठेच नसते. याचे कारण आपल्या स्वयंपाकघरात पाहावयास मिळते. हिंगाची पूड पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, तर पिशवीला भोक नसूनही शेजारच्या डब्यातील साखरेला हिंगाचा वास लागतो. तोच हिंग काचेच्या बरणीत ठेवला तर लागत नाही. मऊ प्लॅस्टिक आणि रबर यांची रचना अशी सैल असते, की वासाच्या वायूचे सूक्ष्म रेणू त्यांत विरघळून हळूहळू पलीकडे झिरपतात. मैला साचून राहिला, त्याला हवा मिळाली नाही, की त्यातील जीवाणू कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात, आणि तो नळीच्या भिंतीतून केबिनमध्ये येतो. वास नळीचाच आहे की अन्य कशाचा, हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. कापड गरम पाण्यात भिजवून पिळावे, नळीवरून घट्ट पुसावे, गार होऊ द्यावे आणि मग त्याचा वास घ्यावा. कापडाला वास लागला असेल तर ती नळी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. ती बाहेरून कितीही धुतली तरी उपयोग होत नाही.

दुसरा दोष पहिल्याला खतपाणी घालतो. नळीला जागोजागी आधार नसला, की तिला झोळ पडतो. त्या झोळात प्रत्येक वेळी थोडा मैला उरतो आणि तेथेच झिरपणे सर्वांत जलद होते. तिसरा दोष खाराचा. बंगळूरात ज्यांच्या घरी बोअरवेलचे जड पाणी येते, त्यांना गिझरमध्ये साचणारी पांढरी पुटे परिचित आहेत. समुद्राचे पाणी आणि मूत्र एकत्र आले म्हणजे नळीच्या आत तशीच चुन्याची कठीण पुटे धरतात. दीड इंचाची वाट आकसत आकसत अंगठ्याएवढी होते, आणि एके दिवशी भर प्रवासात पंप पुढे ढकलीनासा होतो. वरचेवर भरपूर पाणी ढकलून वाहिनी रिकामी करणे आणि अधूनमधून व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल तीत थोडा वेळ ठेवणे, हे यावरचे उपाय आहेत. पण ते आळस न करता केले पाहिजेत.

आता नळाचा पक्ष. ताठ पीव्हीसीच्या भिंतीतून वास जवळजवळ झिरपत नाही. या बाबतीत तो वर सांगितलेल्या काचेच्या बरणीसारखा आहे. आतून तो गुळगुळीत असतो, म्हणून मैला कमी चिकटतो. त्याला झोळ पडत नाही. दिलेला उतार कायम राहतो. किंमतही मैल्यासाठी बनविलेल्या चांगल्या नळीपेक्षा पुष्कळ कमी असते, कारण ती नळी साध्या बागेतल्या नळीसारखी नसते. तिच्यात अनेक थर आणि मजबुतीसाठी तार असते. शिवाय नळाचे आयुष्य मोठे. नौका जुनी झाली तरी आतील नळ शाबूत राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

परंतु नळाचा ताठपणा हाच त्याचा शत्रूही आहे. नळाला दिशा बदलावयाची तर बेंड हवा, आणि प्रत्येक बेंडाला दोन सांधे. काटकोनी एल्बोत मैला अडतो, म्हणून लांब वळणाचा बेंडच घालावा लागतो आणि त्याला जागा अधिक लागते. उष्णतेने पीव्हीसी वाढते: तीन मीटर लांबीचा नळ ३० अंश तापमानवाढीने सुमारे पाच मिलिमीटर लांब होतो. भिंतीला दोन्ही टोकांनी जखडलेल्या नळाला ही वाढ सामावण्यास जागा न मिळाली, तर ताण सांध्यावर येतो. सोल्युशन लावून जोडलेला सांधा पक्का खरा. पण तो पुन्हा उघडता येत नाही. आत काही अडकले तर नळ कापावा लागतो. म्हणून जाणता कारागीर मधूनमधून युनियन घालून नळ उघडण्याची सोय ठेवतो.

नौकेचे अंग हलते म्हणजे किती, याची कल्पना येण्यासाठी आपल्या किनाऱ्याकडे पाहू. केरळच्या जलाशयांतील 'केट्टुवळ्ळम' या नौका परंपरेने खिळ्यांशिवाय, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधीत. पूर्वी त्या भात वाहत, आता त्यांच्याच हाउसबोटी झाल्या आहेत. याच जुन्या शिवणकामाने गोव्यात बांधलेली 'कौंडिण्य' ही नौका २०२५ साली कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. काथ्याने शिवलेले अंग लाटेला ताठपणे तोंड देत नाही. ते किंचित वाकते आणि पुन्हा पूर्ववत होते. फायबरच्या किंवा पोलादाच्या नौकेत ही लवचिकता कमी असते, पण नसते असे नाही. अशा हलत्या अंगाला एक टोक, थरथरणाऱ्या पंपाला दुसरे टोक, आणि मध्ये एकसंध ताठ नळ, अशी जोडणी केली तर हालचालीचा सारा भार सर्वांत दुबळ्या सांध्यावर पडणार. आणि तो सांधा पुष्कळदा नौकेच्या पोटातील व्हॉल्व्हचा असतो. ताठ नळ त्या व्हॉल्व्हला तरफेसारखा हिसके देतो. व्हॉल्व्ह तडकला, तर नौकेच्या पोटातील भोक उघडे पडले असे समजावे.

यावरून उत्तर आपोआप दिसू लागते. जे स्थिर आहे तेथे नळ घालावा आणि जे हलते तेथे नळी. पंपापासून निघताना हातभर नळी. मग भिंतीच्या कडेने, व्यवस्थित आधारांवर, लांब सरळ वाटेवर नळ. आणि टाकीपाशी अथवा व्हॉल्व्हपाशी पुन्हा हातभर नळी. मैला जेथे साचून राहण्याचा संभव अधिक, तेथे शक्यतो नळ असावा. नळीचे तुकडे आखूड आणि हाताला येतील असे असावेत. म्हणजे वास येऊ लागला की तेवढेच तुकडे बदलता येतात. बेसिनखालच्या त्या हातभर नळीचे मर्मही हेच आहे. मात्र ज्या लहान नौकेत सरळ अशी वाट हातभरही मिळत नाही, तेथे बेंडांची माळ ओवीत बसण्यापेक्षा उत्तम प्रतीची नळी घालून ती ठराविक काळाने बदलणे अधिक शहाणपणाचे ठरते.

येथे व्यवहारातील एका अडचणीची सूचना दिली पाहिजे. नळ आणि नळी यांची मापे एका भाषेत बोलत नाहीत. दीड इंची नळी म्हणजे जिचा आतील व्यास दीड इंच आहे ती. पण विलायती मापाच्या दीड इंची नळाचा बाहेरील व्यास १·९ इंच असतो. दीड इंच हे त्याचे केवळ नाव. आपल्या बाजारातील पीव्हीसी नळ तर बहुधा बाहेरील व्यासाच्या मिलिमीटरांनी ओळखले जातात: ५०, ६३, ७५ याप्रमाणे. त्यामुळे नळी नळावर बसत नाही, आणि मग उतावीळ मनुष्य ती गरम करून, ताणून, क्लिप आवळून कशीबशी बसवितो. हा सांधा काही दिवस टिकतो, आणि नेमका खवळलेल्या पाण्यात निसटतो. दोहोंच्या मध्ये खाचा असलेले योग्य मापाचे जोडतोंड बसविले पाहिजे. आणि पाण्याच्या पातळीखालील प्रत्येक सांध्यावर, जागा असेल तेथे, गंज न धरणाऱ्या पोलादाच्या दोन क्लिपा असाव्यात.

नळ असो की नळी, ती कमान मात्र कधीही गाळू नये. पिंपातील रॉकेल नळीने ओढून घेताना एकदा प्रवाह सुरू झाला, की पुढे तो आपोआप वाहत राहतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. यालाच वक्रनलिका किंवा सायफन म्हणतात. नौकेच्या शौचकूपात हाच खेळ उलटा घडू शकतो: समुद्र हे पिंप आणि नौका हे भांडे. कमान पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन तिच्या माथ्यावर हवा आत घेणारी लहान झडप बसविली, की हा प्रवाह तुटतो. ती झडप मिठाने बुजली तर कमान असून नसल्यासारखी. म्हणून ती अधूनमधून काढून धुवावी, आणि नौका सोडून जाताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत.

ही भीती काल्पनिक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १४ एप्रिल १९४५ रोजी, यू-१२०६ ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ गमावली गेली. खोल पाण्यातही मैला दाबाने बाहेर फेकता येईल असे शौचकूप तिच्यावर होते. त्या यंत्रणेतून समुद्राचे पाणी आत घुसले आणि विद्युत्घटांपर्यंत पोहोचले. क्लोरिन वायू निर्माण झाला. पाणबुडीस पृष्ठभागावर येणे भाग पडले. तेथे विमानांनी तिला गाठले, आणि अखेर ती तिच्याच लोकांनी बुडविली. शौचकूपाच्या एका वाटेने एवढे मोठे जहाज गेले, त्यात काही माणसांचे प्राणही गेले. शांततेच्या काळातही लांबच्या प्रवासास निघालेल्या नौकेला या गोष्टींचा विसर पडून चालत नाही. गोव्यात बांधलेल्या, जेमतेम १७ मीटर लांबीच्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. दक्षिण महासागराच्या मध्यावर प्लंबर बोलाविता येत नाही. तेथे प्रत्येक सांधा असा हवा, की तो नौकेवरील माणसालाच, डुलत्या फरशीवर, एका हाताने आधार धरून उघडता यावा.

येथवर नौकेच्या आतील सुखाचा आणि सुरक्षिततेचा विचार झाला. पण या वाहिनीला दुसरे टोक आहे, आणि ते सर्वांच्या पाण्यात उघडते. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणाऱ्या 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराचे मैल्याविषयीचे चौथे परिशिष्ट २७ सप्टेंबर २००३ पासून अमलात आले. त्यानुसार मैला बारीक करून निर्जंतुक केला असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे, आणि तसाच सोडावयाचा असेल तर १२ सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपलीकडे, चालत्या जहाजातूनच सोडता येतो. परंतु हा नियम आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या, ४०० टनांवरील किंवा १५ हून अधिक माणसे नेणाऱ्या जहाजांसाठी आहे. खाडीतील लहान होडीला तो लागू होत नाही. आणि वेंबनाडसारख्या जलाशयात तर बारा मैलांचे अंतरच कोठून मिळणार? २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून रामसर यादीत नोंदलेल्या या जलाशयाच्या काठी माणसे राहतात, मासे धरतात, भात पिकवितात. बंगळूरहून सुट्टीसाठी जाणारी आपली कुटुंबे त्याच पाण्यावर रात्र काढतात. तेथे मैला टाकीतच साठविला पाहिजे आणि किनाऱ्यावर आणून शुद्धीकरणासाठी दिला पाहिजे.

वाहिनीच्या निवडीचा येथे थेट संबंध येतो. ज्या नौकेची नळी वास मारते, तिच्या मालकाला टाकी नकोशी होते. टाकी भरू दिली की वास वाढतो, पाहुणे तक्रार करतात. मग रात्रीच्या काळोखात व्हॉल्व्ह उघडून टाकी पाण्यात मोकळी करण्याचा मोह होतो. नियमाचा भंग अनेकदा दुष्टपणाने होत नाही, नियम पाळणे असह्य झाल्याने होतो, हे शासनाच्या सेवेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. वाहिनी निर्गंध आणि टाकीला खेळती हवा असेल, तर टाकीत साठविणे ही शिक्षा वाटत नाही.

आणि शेवटी तो मनुष्य, ज्याला ही वाहिनी साफ करावी लागते. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी हा प्रश्न आपल्यापुढे पूर्वीच ठेवला आहे. तुरुंगात मैलासफाईचे काम करू द्यावे, या मागणीसाठी त्यांनी १९३२ साली अन्नत्याग केला, आणि येरवड्यास बंदिवासात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभिला. पुढे १९४८ मध्ये कणकवलीस त्यांनी गोपुरी आश्रम स्थापला, आणि ज्यात कोणाला उघड्या हाताने मैला उचलावा लागू नये, उलट त्याचे खत व्हावे, अशा संडासांचा प्रसार केला. शौचकूपाची रचना करणारा मनुष्य दुसऱ्या कोणाच्या तरी हातांचे भवितव्य ठरवीत असतो, हे त्यांनी जाणले होते. गटारांची व मैल्याच्या टाक्यांची धोकादायक सफाई माणसांकडून करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली आहे. पण हाउसबोटीच्या फळीखालच्या अरुंद पोकळीत, कोंदट हवेत, तुंबलेला सांधा उघडण्यासाठी कोणता मुलगा उतरतो, हे पाहण्यास निरीक्षक पोहोचतोच असे नाही. ते पाहणे बांधणाऱ्याच्या आणि मालकाच्या हाती आहे. सांधा हाताला येईल अशा जागी ठेवला, नळाला युनियन दिली, नळीचे तुकडे आखूड ठेवले, उघडण्यापूर्वी वाहिनी पाण्याने धुऊन रिकामी करण्याची सोय केली, तर ते काम घाणीत बुडून करावे लागत नाही.

म्हणून पुढील सुट्टीत हाउसबोट ठरविताना दिवाणखान्याची सजावट आणि जेवणाचा बेत यांबरोबर दोन प्रश्न अवश्य विचारावेत. मैल्याची टाकी आहे काय, आणि ती कोठे रिकामी करतात? वाहिनी शेवटची केव्हा तपासली? विचारताना थोडा संकोच वाटेल. पण पाहुणे विचारू लागले, की मालक कारागिराला विचारील, आणि कारागीर फळी उचलून खाली पाहील. तेथे नळ किती आणि नळी किती, हे त्यानंतर ठरविणे त्याला कठीण जाणार नाही.